तुळशीत भांग

म्हणी कशा तयार होतात ते मला ठाऊक नाही. मी कॉमर्सचा पदवीधर. पण एखादी म्हण आपल्याच परसात उगवली, आईनं तिला चार महिने पाणी घातलं आणि ती चांगली छातीएवढी झाली, म्हणजे बँकेतल्या कॅशियरची काय अवस्था होते, हे मात्र मी अधिकारवाणीनं सांगू शकतो.

म्हण आहे 'तुळशीत भांग'. चांगल्या कुळात एखादं कार्टं निपजलं की लोक ती वापरतात. आमच्या घरात ही म्हण एकाच माणसाच्या नावावर राखून ठेवलेली होती, माझ्या धाकट्या काकांच्या. मी त्यांना पाहिलेलं नाही. १९७२-७३ च्या दुष्काळात, मॅट्रिकला दुसऱ्यांदा बसून दुसऱ्यांदा नापास झाल्यावर, ते गोसाव्यांच्या एका जथ्याबरोबर बार्शीतून गेले ते गेलेच. मी जन्मलो तो त्यानंतर काही वर्षांनी. लहानपणी मी आजीला विचारायचो, "काका का गेले गं?" आजी वाती वळता वळता म्हणायची, "गांजानं नेलं. तुळशीत भांग उगवली, दुसरं काय!" प्रश्न मिटला. घरात काकांचा एकच फोटो होता. तोही शाळेचा ग्रुप फोटो, आणि त्यातही त्यांचे नेमके डोळे मिटलेले. आजी तेवढ्यावरूनसुद्धा निदान करायची.

आजी गेली, म्हण मागं राहिली. आई मात्र आपल्या या दिराबद्दल कधी चकार शब्द बोलली नाही. तिचा फक्त एक नेम होता. भगव्या कपड्यातलं कुणी दारात आलं की त्याला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. आमचं घर भगवंताच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळं अशा पाहुण्यांची आवक बाजारातल्या ज्वारीसारखी, कमीजास्त होईल पण बंद पडायची नाही.

गेल्या वर्षी आषाढात असाच एक बैरागी आला. भाकरी, पिठलं, वर ताक असं व्यवस्थित जेवला, पाऊस लागला म्हणून रात्री ओट्यावरच झोपला, आणि पहाटे चिलीम झाडून चालू पडला. आईनं ओटा झाडला. आमच्याकडं ओट्यावरचा केर, निर्माल्य आणि चहाचा चोथा या तिन्ही गोष्टी तुळशीच्या बुंध्याशी जातात. पंधरा दिवसांनी तुळशीशेजारी एक कोंब दिसला.

"काय आहे गं हे?" मी विचारलं.

"असंल काहीतरी. देवाच्या अंगणात आलंय, राहू दे," आई म्हणाली. आणि तांब्यातलं उरलेलं पाणी तिनं त्याच्यावर ओतलं.

झाड वाढलं. हातासारखी पानं, पाच-सात बोटांची, कडांना करवतीचे दाते. नववीतल्या आमच्या चिरंजीवांनी एकदा निरीक्षण नोंदवलं, "बाबा, कॉलेजच्या पोरांच्या टी-शर्टवर असंच पान असतं." मी म्हणालो, "कंपनीचं बोधचिन्ह असेल." वीस वर्षं नोटा पारखणारा माणूस मी! त्या वेळी ते पान उलटून पाहिलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

खरी गंमत नवरात्रानंतर सुरू झाली. त्या सुमारास आमच्या मागच्या बोळातल्या खांबावर नवा पांढराशुभ्र दिवा लागला. रात्री बारा वाजता परसात वर्तमानपत्र वाचावं इतका उजेड. आणि त्याच सुमारास आमच्या झाडाला वेड लागलं. भिंतीच्या सावलीतल्या फांद्यांना हिरवट, दाट तुरे आले होते, ते तसेच राहिले. दिव्याकडच्या फांद्यांच्या तुऱ्यांतून मात्र नवी पानं फुटायला लागली. तीही पाच बोटांची नाहीत. एकेकटी, गुळगुळीत, थोडी मुरडलेली. फुलातून पान, पानातून पुन्हा कोंब. आणि मधला शेंडा! तो गोल राहायचा सोडून चपटा होत गेला, तळहाताएवढा रुंद झाला आणि पुढं वाकला.

शेजारच्या तात्यांनी कुंपणावरून पाहिलं आणि हात जोडले. "फणा हाय की ओ! साक्षात नाग!"

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या चार बायका येऊन हळदकुंकू वाहून गेल्या. आमच्या सौ.चं मत वेगळं होतं. ती म्हणाली, हे कोंबड्याच्या फुलातलंच काहीतरी आहे. नर्सरीवाला म्हणाला, विदेशी आहे. आई म्हणाली, "देवाची करणी," आणि पाणी घालत राहिली.

कार्तिकात तुळशीचं लग्न आलं. बार्शीकराला द्वादशीचं महत्त्व सांगायला नको. अंबरीष राजानं द्वादशीचं व्रत केलं, दुर्वास कोपले आणि भगवंत धावून आले, ही कथा आमच्या गावानं आपल्या नावावर करून घेतलेली आहे. तेव्हा आमच्याकडं लग्न थाटात. ऊस, चिंचा, आवळे, मंगलाष्टकं. नवरी तुळस मधोमध आणि तिच्या शेजारी करवलीसारखं हे फणाधारी झाड. त्यालाही कुणीतरी हार घातला होता. पाहुण्यांत सौ.चे दूरचे मामा होते. दारूबंदी खात्यातून निवृत्त. मंगलाष्टकांच्या चौथ्या कडव्याला त्यांनी अक्षता टाकायचं थांबवलं. पाचव्याला चष्मा लावला. सहाव्याला माझ्या दंडाला धरून मला न्हाणीघरापाशी नेलं.

"जावईबापू, हे काय लावलंय?"

"लावलं नाही, आलंय."

"सगळे असंच म्हणतात," मामा म्हणाले. आवाजात तीस वर्षांची नोकरी होती. "गांजा आहे हा. १९८५ चा कायदा. एक झाड काय नि शेत काय, लागवड ती लागवड. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी, लाखापर्यंत दंड."

मी भिंतीचा आधार घेतला. बँकेच्या माणसाला दंडाचं विशेष वाटत नाही, तो हप्त्यानं फेडता येतो. सक्तमजुरी हप्त्यानं होत नाही.

मामांनी पुढं कायद्याचं एक मार्मिक स्थळ दाखवलं. या कायद्यात गांजा म्हणजे फुलांचे किंवा फळांचे शेंडे. शेंड्यांवाचून नुसती पानं असतील तर ती गांज्याच्या व्याख्येत बसत नाहीत. सरकारी भाषेत पान वेगळं, तुरा वेगळा. "पण तुझ्या या झाडात तुऱ्यातनं पान आलंय," मामा म्हणाले. "माझ्या अख्ख्या नोकरीत असला मुद्देमाल बघितला नाही. पंचनामा कसा लिहायचा याचा?" आणि घटकाभर ते खरोखरच विचारात पडले. मी मात्र पडलो नाही. झाड लावणं हाच गुन्हा, मग ते पानावर असो की फुलावर.

त्या रात्री अकरा वाजता मी कंदील न लावता, म्हणजे त्या पांढऱ्या दिव्याच्या लख्ख उजेडात, परसात टिकाव घेऊन खड्डा खणला. झाड उपटलं, तुकडे केले, वर चुना टाकला आणि माती लोटली. मागं वळून पाहतो तो कुंपणावर तात्या.

"काय पुरलाव?"

"काही नाही. खत."

तात्या बराच वेळ माझ्याकडं पाहत राहिले. रात्री अकराला खड्डा खणणारा कॅशियर! दुसऱ्या दिवशी ते बँकेत येऊन आपली मुदतठेव सुरक्षित आहे ना, याची चौकशी करून गेले.

आई काही बोलली नाही. सकाळी तांब्या घेऊन परसात गेली, तुळशीला पाणी घातलं, उरलेलं पाणी घेऊन त्या रिकाम्या जागेपाशी जरा थांबली आणि तांब्या तसाच आत घेऊन आली. ते बघून मला कसंसंच झालं. म्हटलं, निदान आपण कशाचा जीव घेतला ते तरी कळावं. बँकेत एक जुना नियम आहे. हिशेब जुळला तर कुणी वही पुन्हा उघडत नाही. दोन रुपयांचा फरक आला की मात्र सगळी वही मुळापासून कळायला लागते. आमच्या झाडाचा हिशेब जुळत नव्हता. मी वाचायला बसलो.

पहिल्याच दिवशी मला माझा जातभाई भेटला.

या झाडात नर वेगळा आणि मादी वेगळी. गांजा मिळतो तो मादीच्या तुऱ्यांपासून, आणि तोही तिला बी धरू दिलं नाही तर. एकोणिसाव्या शतकात बंगालात राजशाही जिल्ह्यात नौगाव इथं, म्हणजे आजच्या बांगलादेशात, सरकारी परवान्यानं गांज्याची शेती चाले. आपल्या मुंबई इलाख्यातही शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात, साताऱ्यात ती होती. नौगावात पीक ऐन उमेदीत आलं की शेतकरी एका जाणकाराला बोलवायचे. तो ओळीओळीनं हिंडायचा, झाड न् झाड वाकवून पाहायचा आणि नर ओळखून काढून टाकायचा. इंग्रजांनी त्याला 'गांजा-डॉक्टर' असं भारदस्त नाव दिलं. गावात त्याला म्हणत 'पोद्दार'.

पोद्दार! म्हणजे आपला पोतदार. खजिन्यात बसून नाणं खरं की खोटं हे पारखणारा. पेशवाईत जो रुपया वाजवून बघायचा तो पोतदार, आज नोट जांभळ्या दिव्याखाली धरतो तो कॅशियर, आणि नौगावच्या शेतात नर झाडं वेचायचा तोही पोद्दारच. मला फार बरं वाटलं. आमच्या धंद्याची एक शाखा इतक्या हिरव्यागार ठिकाणी होती, हे आमच्या युनियनला तरी कुठं माहीत होतं? आणि पुढं १९१७ साली या नौगावकरांनी गांजा उत्पादकांची चक्क सहकारी संस्था काढली. तिच्या पैशातून शाळा उभ्या राहिल्या, दवाखाने चालले. आपण साखरेवर जे केलं ते त्यांनी गांज्यावर केलं. सहकाराला कुठलंही पीक चालतं.

पोद्दाराचा एक नर हुकला की शेतभर बी धरायचं. बी धरलेला माल हलका. आमचा बैरागी गरीब, त्याच्या चिलमीतही हलका माल. म्हणूनच बिया झडल्या. थोडक्यात, कुठल्या तरी अज्ञात शेतात कुणाची तरी नजर चुकली, आणि तिची वसुली बार्शीत माझ्याकडून झाली.

पण या झाडाची लबाडी अशी की ते पोतदारालाही फसवतं. जर्मनीत ट्युबिंगेनला कामेरारिउस नावाचे प्राध्यापक होते. झाडांतही नर-मादी असतात, हे त्यांनी १६९४ साली प्रयोग करून मांडलं. तुती घेतली, एरंड घेतला, मका घेतला, सगळ्यांनी निमूट साक्ष दिली. भांगेच्या माद्या मात्र नरापासून लांब ठेवल्या तरी थोड्या बिया धरून मोकळ्या झाल्या. प्राध्यापकांचा सिद्धांत बरोबर होता, साक्षीदार फितूर होता. कारण या झाडाच्या मादीवर कधीकधी, विशेषतः हाल झाले की, आपण होऊन नर फुलं येतात. युरोपातल्या शेतकऱ्यांचा तर त्याहून मोठा घोळ. धष्टपुष्ट, उशिरापर्यंत उभी राहणारी मादी पाहून ते तिला नर म्हणत आणि लवकर वाळून जाणाऱ्या किडकिडीत नराला मादी. शतकानुशतकं जमेची रक्कम नावे आणि नावेची जमेला. आणि वही तरीही चालू!

मग मला डेव्हिड प्रेन भेटले. हे स्कॉटलंडचे डॉक्टर, पण रमले झाडांत. कलकत्त्याच्या सरकारी वनस्पती उद्यानात होते, पुढं लंडनच्या क्यू उद्यानाचे प्रमुख झाले. १८९३ मध्ये त्यांनी गांज्याच्या शेतीवर सरकारला अहवाल दिला. सरकारी माणसाचं काम अहवाल दिल्यावर संपतं. यांचं संपलं नाही. १९०४ साली त्यांनी एक स्वतंत्र प्रबंध लिहिला, भांगेच्या फुलांची रचना, त्यांचं नर-मादीपण आणि त्यांच्या विकृती यांवर. शंभरावर वर्षांपूर्वी, आपल्याच देशात, एक मोठा साहेब भांगेची वेडीवाकडी फुलं भिंगाखाली धरून बसला होता! मला त्या क्षणी प्रेनसाहेबांना तुळशीच्या लग्नाचं आमंत्रण द्यावंसं वाटलं. मामांच्या शेजारी पाटावर बसवलं असतं.

तुम्ही म्हणाल, वाकड्या फुलांत बघायचं काय? हाच प्रश्न मलाही पडला. पण बघणारे फार मोठमोठे निघाले. आपल्या शाकुंतलावर लुब्ध झालेला जर्मन महाकवी गटे. त्यानं १७९० मध्ये झाडांच्या रूपांतरावर एक पुस्तक लिहिलं. त्यात एक विचित्र गुलाब आहे, ज्याच्या फुलाच्या पोटातून पुन्हा पानांसकट देठ वर निघालेला आहे. चारचौघांनी 'अपशकुन' म्हणून उपटून टाकला असता. गटे म्हणाला, बघा, फुलाची पाकळी काय नि केसर काय, मुळात सगळी पानंच. वेष बदललेली. चांगल्या गुलाबानं हे गुपित कधी सांगितलं नसतं, बिघडलेल्यानं सांगितलं. आमच्या परसात तुऱ्यातून पान निघालं तेव्हा ते झाड मला हेच सांगत असणार. मी टिकाव शोधत होतो.

आणि विकृती म्हणून नाक मुरडावं, तर आपल्या ताटात काय वाढलेलं असतं? फ्लॉवरचा गड्डा म्हणजे फुलं व्हायला निघालेले आणि वाटेतच अडकलेले असंख्य कोंब. तो असा का होतो, याचा नीट उलगडा फ्रेंच शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये केला. आम्ही तो त्याच्या कितीतरी आधीपासून बटाट्याबरोबर खातोय. सौ.चं कोंबड्याचं फूल घ्या. झाडाचा शेंडा एका बिंदूतून वाढतो. काही बिघडलं की त्या बिंदूची रेषा होते आणि शेंडा पंख्यासारखा पसरतो. कधी इजा, कधी रोगजंतू, कधी मुळातलाच फरक. कोंबड्याच्या फुलात ही चूक वंशपरंपरा झाली, माळ्यांना आवडली आणि गौरीपुढं जाऊन बसली. तीच चूक आमच्या झाडानं केली तर तात्यांना नाग दिसला आणि मला तुरुंग. सौ.चं निदान झाड ओळखण्यात चुकलं, पण रोग ओळखण्यात तंतोतंत बरोबर होतं. हे तिला सांगायची चूक मी केली. आता ते रोज ऐकावं लागतं.

पण त्या दिव्याचं काय? त्याचं उत्तर मिळालं ते ज्यूलियँ तूर्न्वा या फ्रेंच माणसाकडून. १९१० च्या आसपास हा भांग आणि हॉप ही झाडं वाढवत होता. नेहमीच्या हंगामाआधी, थंडीतच बी पेरलं, तर रोपं हातभर व्हायच्या आधीच फुलून येत आणि फुलंही चमत्कारिक. १९११ मध्ये त्यानं लवकर पेरणीतून येणाऱ्या या विकृत फुलांवरच निबंध लिहिला. दुसऱ्या कुणी 'हंगाम चुकला' म्हणून सोडून दिलं असतं. हा विचार करत राहिला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत निष्कर्षाला आला की थंडी नव्हे, खत नव्हे, दिवस लहान आणि रात्री लांब झाल्या म्हणून हे झाड फुलतं. झाडं रात्र मोजतात! पहिलं महायुद्ध सुरू झालं, तूर्न्वा आघाडीवर गेला आणि मारला गेला. पुढं १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांनी हाच नियम पक्का केला. तोही एका विचित्र, वाढतच जाणाऱ्या आणि फुलायचं नाव न घेणाऱ्या तंबाखूच्या झाडावरून.

हे वाचल्यावर मी कपाळाला हात लावला. बार्शी हे तुरीच्या डाळीचं गाव. तूर तरी काय करते? पावसाळ्यात पेरतो, माणसाएवढी वाढते आणि दिवस लहान व्हायला लागले की फुलावर येते. हे आमच्याकडच्या शेतकऱ्याला पाठ आहे. आमच्या झाडानंही गणपतीनंतर रात्री मोजल्या, तुरे काढले. आणि नवरात्रानंतर अचानक रात्रच संपली. दिव्याकडच्या फांद्यांना वाटलं, पुन्हा ज्येष्ठ लागला. त्यांनी फुलांचा संसार अर्धवट टाकून पुन्हा पानांचा मांडला. भिंतीआडच्या फांद्यांना अंधार मिळत होता, त्या शहाण्यासारख्या राहिल्या. एकच बी, एकच मूळ, एकाच तांब्याचं पाणी. अर्धं झाड सरळ आणि अर्धं वेडं. फरक एवढाच की एका बाजूला उजेड नको तेव्हा मिळाला.

इथं मला काका आठवले. का ते सांगतो.

या सगळ्या वाचनात एक सरकारी अहवाल होता. हिंदुस्थानात गांज्यानं माणसं वेडी होतात, वेड्यांची इस्पितळं त्यांनी भरली आहेत, असा बोभाटा इंग्लंडच्या पार्लमेंटात झाला, म्हणून १८९३ मध्ये सरकारनं आयोग नेमला. मॅकवर्थ यंग अध्यक्ष, सात सभासद, त्यांतले तीन हिंदी. त्यांनी १,१९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये खंडच्या खंड भरले. अति ओढणारा स्वतःचा नाश करून घेतो, हे त्यांनी मान्यच केलं. बेतानं वापरणाऱ्याचं फारसं बिघडत नाही, तेव्हा बंदीपेक्षा कर आणि बंदोबस्त बरा, असा कौल दिला. पण मला खिळवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. आयोगानं इस्पितळांच्या नोंदवह्या मागवल्या. त्यात प्रत्येक वेड्यापुढं एक रकाना होता, 'वेडाचं कारण'. आणि कितीतरी जणांपुढं लिहिलेलं होतं, 'गांजा'. कुणी लिहिलं? बहुधा माणूस धरून आणणाऱ्या पोलिसानं. चौकशी केली? नाही. पुढच्यानं मागच्याचं उतरवून घेतलं. आयोगानं एकेक प्रकरण पुन्हा तपासलं तेव्हा बऱ्याच नोंदींना बुडच नव्हतं.

रकाना रिकामा ठेवायचा नसतो, हे दुःख ज्यानं कारकुनी केली नाही त्याला कळायचं नाही. रिकामा रकाना साहेबाच्या डोळ्यात खुपतो. भरलेला रकाना खोटा असला तरी शोभतो. मी स्वतः किती व्हाउचरांवर कारण म्हणून 'इतर' लिहिलंय! पण त्या 'इतर'नं कुणाचा जन्म लिहिला गेला नव्हता.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी आईला विचारलं. पन्नास वर्षांत बहुधा तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

"आई, काका गांजा ओढायचे?"

आई भांडी आवरत होती. "कुणी सांगितलं?"

"आजी म्हणायची."

"सासूबाई म्हणायच्या," आई म्हणाली. "विडीसुद्धा ओढत नव्हते रे भावजी. सतरा वर्षांचं पोर. दुष्काळ पडला, आडत बंद झाली, मामंजींचा पगार थांबला. पोराला खडी फोडायला पाठवलं. दिवसभर घण मारायचा आणि रात्री कंदिलाखाली पुस्तक धरायचं. हाताला एवढाले फोड. पेन धरता यायचं नाही परीक्षेत. निकाल लागला त्या रात्री मामंजींनी फार मारलं. त्यांचंही डोकं ठिकाणावर नव्हतं, घरात दाणा नव्हता. मी ताट वाढून झाकून ठेवलं होतं. मिलोची भाकरी नि चटणी. म्हटलं, रात्री उठून खातील. सकाळी बघते तर ताट तसंच झाकलेलं."

तिनं पातेलं पालथं घातलं. "गोसाव्यांची टोळी देवळापाशी उतरली होती. त्यांच्याकडं दोन वेळचं अन्नछत्र होतं. पुढं ओढला असंल तर असंल गांजा. पण त्यानं नेलं नाही."

मी काही बोललो नाही. भगव्या कपड्यातला प्रत्येक माणूस आमच्या ओट्यावर कुणाच्या पानावर जेवत होता, हे मला शेहेचाळिसाव्या वर्षी कळलं.

बँकेत ज्या रकमेचं मूळ सापडत नाही ती सस्पेन्स खात्यात ठेवतात. चुकीच्या खात्यावर टाकण्यापेक्षा ते बरं. मी काकांची नोंद 'गांजा' या खात्यावरून काढली आणि सस्पेन्सला टाकली. दुष्काळ किती, मार किती, नापास होणं किती आणि ते झाकलेलं ताट किती, याची विभागणी मला जमणारी नाही. पोतदार झाला तरी त्याला सगळी नाणी पारखता येत नाहीत. आणि हो, त्या म्हणीचा दुसराही अर्धा भाग आहे, 'तुळशीत भांग नि भांगेत तुळस'. आजी तो कधीच म्हणायची नाही. आईला बहुधा तेवढाच पाठ असावा.

यंदा आषाढात पुन्हा एक बैरागी आला. आईनं त्याला वाढलं, पोटभर. सहज म्हणून मी त्याचे डोळे निरखून पाहिले. तो अगदीच पोरगेला होता. जाताना आईनं त्याला दोन भाकऱ्या बांधून दिल्या आणि म्हणाली, "बाबा, परत या. पण चिलीम तेवढी रस्त्यावर झाडा. आमचा मुलगा बँकेत आहे."